कोमा समूहातल्या फिकट दीर्घिका ओळखायच्या कशा?

प्रश्न : माझ्याकडे 8 इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे (नाभीय अंतर 1200 मिमी). एप्रिलमध्ये गावाबाहेरून कोमा दीर्घिकासमूह शोधताना दोन पुसट डाग दिसल्यासारखे वाटले. ते एनजीसी 4889 आणि 4874 (दीर्घिकांच्या एनजीसी यादीतले क्रमांक) हेच होते, याची खात्री कशी करायची?

उत्तर : आधी जागा पक्की करा. स्वातीच्या वायव्येला साधारण 17 अंशांवर 4.2 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा फिकट) बीटा कोमा हा तारा आहे. 25 मिमी नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) तो मधोमध घ्या आणि हात काढा. तारा ज्या कडेने बाहेर जाईल ती पश्चिम. या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, म्हणून दिशा अंदाजाने धरली की चुकतेच. त्या कडेकडे 2.6 अंश, म्हणजे सुमारे अडीच दृश्यक्षेत्रं (नेत्रिकेत एका वेळी दिसणारा आकाशाचा भाग) सरका. 7व्या प्रतीचा एक तारा लागेल. त्याच्या दक्षिणेला 6 आर्कमिनिटांवर (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) 4874, आणि तिच्या पूर्वेला 7 आर्कमिनिटांवर 4889.

आता 10 मिमी नेत्रिका लावा आणि तो तारा क्षेत्राबाहेर ढकला. त्याच्या झगझगाटात 4874 हरवते. अर्धा तास अंधाराला सरावलेल्या डोळ्याने, नजर किंचित बाजूला ठेवून पाहा. 4889 लांबट आणि मध्याशी उजळ. 4874 गोल, विसविशीत. शंका वाटली तर नळीला हलकी टिचकी मारा. हलणारा डाग डोळा चटकन पकडतो.

शेवटची परीक्षा आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. 4889 मधोमध ठेवा आणि दुर्बिणीला अजिबात हात लावू नका. पावणेबारा मिनिटांनी बीटा कोमा त्याच क्षेत्रातून, मध्यापासून 6 आर्कमिनिटं दक्षिणेने सरकत गेला पाहिजे. नाही आला, तर डाग दुसराच.

महाराष्ट्रातून हा समूह जवळजवळ डोक्यावर येतो आणि तिथे डॉब्सोनियन वळवणं जिकिरीचं होतं. त्यामुळे माथ्यावर येण्याच्या दोन तास आधी किंवा नंतर पाहा.

प्रश्न : तिथे दिसणारी प्रत्येक दीर्घिका समूहातलीच असते का?

उत्तर : नाही, आणि नेत्रिकेतून ते कळतही नाही. त्यासाठी वर्णपटातली ताम्रसृती, म्हणजे प्रकाशाचं लाल रंगाकडे सरकणं, मोजावी लागते; तिच्यावरून दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग कळतो. समूहाचा दूर जाण्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 7,000 किमी आहे. त्याहून फारच वेगळा वेग असलेली दीर्घिका समूहाच्या पुढची किंवा मागची. सदस्यांच्या वेगांतही मोठी तफावत आहे. इतक्या वेगाच्या सदस्यांना धरून ठेवायला दिसणाऱ्या द्रव्याचं गुरुत्व पुरत नाही; त्यावरूनच खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933 मध्ये इथे न दिसणारं द्रव्य असल्याचं मांडलं.