एलएलएमचा अर्ज केला, उत्तर कधी येणार?

बडोद्याच्या वाचकांकडून या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत : कायद्याच्या पदव्युत्तर प्रवेशाची वाट पाहणं. त्यातले चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : डिसेंबरच्या सुरुवातीला मी लंडनच्या दोन विद्यापीठांत आणि ऑक्सफर्डच्या बीसीएलसाठी (तिथली कायद्याची पदव्युत्तर पदवी) अर्ज केला. माझ्याबरोबरच अर्ज केलेल्या मैत्रिणीला लंडनहून होकार आला. माझ्या पोर्टलवर काहीच हालचाल नाही. नकारच समजायचा का? – विद्यार्थिनी, दांडिया बाजार

नाही. नकारसुद्धा पोर्टलवर किंवा मेलने कळवला जातो. काहीच आलेलं नाही, याचा अर्थ निर्णय झालेला नाही, एवढाच.

आधी कुठला अर्ज कुठल्या रांगेत आहे ते पाहा. ऑक्सफर्डमध्ये मुदतीपर्यंत आलेले अर्ज मुदत संपल्यावर एकमेकांशी ताडून पाहतात. तिथे महिनाभर आधी अर्ज केला म्हणून उत्तर आधी येत नाही. लंडनची बरीच विद्यापीठं मात्र अर्ज येतील तसे तपासतात, आणि या रांगेत तुमचा नंबर फी भरल्याच्या दिवशी लागत नाही, फाइल पूर्ण झाल्याच्या दिवशी लागतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दोन्ही शिफारसपत्रं पोचल्याशिवाय अर्ज तपासायलाच घेत नाहीत. तुम्ही दोघींनी एकाच दिवशी अर्ज केला, पण तुमच्या सरांचं पत्र जानेवारीअखेर गेलं असेल, तर तुम्ही तिच्या दोन महिने मागे आहात. त्याचा गुणवत्तेशी संबंध नाही.

म्हणून आज पोर्टल उघडून फक्त शिफारसपत्रांची ओळ बघा. दोन्ही नावांपुढे पत्र मिळाल्याची नोंद हवी. नुसती विनंती पाठवल्याची नोंद असेल तर पत्र गेलेलं नाही. अडतं ते ठरावीक ठिकाणी. विद्यापीठाची लिंक सरांच्या स्पॅममध्ये पडते. सर पत्र अपलोड करतात, पण शेवटचं सबमिट दाबायचं राहतं. किंवा सरांचा जीमेलचा पत्ता दिलेला असतो आणि विद्यापीठाला संस्थेचा अधिकृत ईमेल हवा असतो. तो नसेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र चालेल का, हे विद्यापीठाला विचारून घ्या. सरांना फोन करायला संकोचू नका. आठवण करून देणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

मार्कशीटही एकदा तपासा. आपल्याकडे ग्रेडचा तक्ता पुष्कळदा मागच्या बाजूला छापलेला असतो आणि मुलं पुढचीच बाजू स्कॅन करतात. मग विद्यापीठ मेल करून तो मागतं, आणि तो मेल प्रमोशन्सच्या टॅबमध्ये पडून राहतो. एजंटमार्फत अर्ज केला असेल तर त्यात ईमेल कुणाचा आहे ते आजच बघा. एजंटचा असेल तर तुमची सगळी पत्रं त्याच्याकडे जात आहेत. तो ईमेल लगेच बदलून घ्या.

फाइल पूर्ण असेल, तर विद्यापीठाने वेबसाइटवर दिलेला कालावधी उलटेपर्यंत थांबा. नंतर एकच मेल करा, विषयात अर्ज क्रमांक आणि आत एकच प्रश्न. दर आठवड्याला विचारल्याने फाइल पुढे सरकत नाही.

प्रश्न : मुलीला एका विद्यापीठाची ऑफर आली आहे. डिपॉझिट भरायला तीन आठवडे आहेत. तिला ज्या विद्यापीठात खरं जायचंय, त्याचं उत्तर बाकी आहे. पैसे भरावेत का? – पालक, रावपुरा

आधी मुदतवाढ मागा. मेल मुलीनेच लिहायचा, कारण अर्जदाराशिवाय इतरांशी विद्यापीठ अर्जाविषयी बोलत नाही. चार ओळी पुरतात : ऑफरबद्दल आभार, अर्ज क्रमांक, दुसरा निर्णय किंवा स्कॉलरशिपचा निकाल बाकी असल्याचं कारण, आणि नेमकी तारीख. ‘थोडा वेळ द्या’ असं मोघम लिहू नका, अमुक तारखेपर्यंत हवा असं लिहा. मुदतीच्या आठवडाभर तरी आधी मेल जायला हवा. त्याच दिवशी दुसऱ्या विद्यापीठालाही कळवा की हातात ऑफर आहे, तिची मुदत अमुक आहे, तोवर निर्णय कळेल का. हे विचारल्यामुळे अर्जाचं नुकसान होत नाही.

मुदतवाढ नाही मिळाली, तर डिपॉझिट परत मिळण्याच्या अटी शब्दन् शब्द वाचा. व्हिसा नाकारला गेला किंवा ऑफरची अट पूर्ण झाली नाही, तर बऱ्याच ठिकाणी पैसे परत मिळतात. मन बदललं तर सहसा नाही. गेले तर झेपतील असे असतील तरच भरा. आमच्या मते कर्ज काढून दोन जागा धरून ठेवणं चूक आहे.

भरताना बँकेत ए-टू फॉर्ममध्ये (परदेशी पैसे पाठवण्याचा फॉर्म) सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे लावायला सांगा. तसं केलं नाही तर मधली बँक आपले पैसे कापते, रक्कम काही पौंडांनी कमी पोचते आणि जागा पक्की झाल्याची नोंद अडकते.

पुढचं गणितही आत्ताच मांडा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी उरलेली फी आणि जास्तीत जास्त ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दाखवावा लागतो, आणि या २८ दिवसांचा शेवटचा दिवस व्हिसा अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. पैसे तुमच्या खात्यात असतील तर मुलीचा जन्मदाखला आणि तुमचं संमतिपत्र लागेल. आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं आणि पासपोर्टवर वेगळा क्रम असतो, तेव्हा सगळ्या कागदांवरची स्पेलिंग्ज जुळतात का ते या रिकाम्या वेळात पाहून ठेवा. जन्मदाखल्यातली दुरुस्ती दोन दिवसांत होत नाही. सहा महिन्यांहून जास्त मुक्कामासाठी टीबी चाचणीचं प्रमाणपत्रही लागतं. ते सहा महिनेच चालतं, म्हणून ती फार लवकर करू नका.

प्रश्न : क्लॅट पीजीच्या (राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या एलएलएम प्रवेश परीक्षेच्या) काउन्सेलिंगमध्ये, म्हणजे जागावाटपात, जागा लागली. ‘फ्रीज’ करू की ‘फ्लोट’? आणि नंतर परदेशाची ऑफर आली तर भरलेली फी बुडेल का? – वाचक, फतेगंज

फ्रीज म्हणजे हीच जागा घेतली, पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. फ्लोट म्हणजे जागा हातात ठेवून यादीतल्या वरच्या पसंतीची वाट पाहणं. पण वरची जागा लागली की आधीची आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. म्हणून फ्लोट करण्याआधी यादी पुन्हा वाचा : गांधीनगर खरंच भोपाळच्या वर हवंय का? वर लिहिलेल्या प्रत्येक ठिकाणी जायची तयारी असेल तरच फ्लोट करा.

फीबाबत यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ ची अधिसूचना आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून ५ टक्के आणि तोही जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतो. १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यापुढे काही नाही. मूळ कागदपत्रंही संस्थेला अडवून ठेवता येत नाहीत. काउन्सेलिंगच्या फीचे नियम मात्र वेगळे असतात, ते त्या वर्षीच्या सूचनेत वाचा. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : एलएलबी झालं. उत्तर येईपर्यंत वकिलीची सनद घ्यावी का? – वाचक, मांडवी

घ्या. ३० जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर राज्य बार कौन्सिलला नोंदणीसाठी खुल्या वर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त फी घेता येत नाही. स्टॅम्प ड्युटी लागत असेल तर ती वेगळी. नोंदणीसाठी मूळ पदवी किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट लागतं आणि विद्यापीठही तेच मागतं, म्हणून मूळ कागद कुठे देण्याआधी साक्षांकित प्रतींचे चार संच आणि रंगीत स्कॅन करून ठेवा.