लग्नाची वाजंत्री ठरवताना: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

तुळशीचं लग्न झालं की तिथींची धावपळ सुरू होते. बँड, ऑर्केस्ट्रा आणि सनई-चौघडा ठरवण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मुलीच्या संगीतासाठी आठ जणांचा ऑर्केस्ट्रा हवा आहे. तीन ठिकाणी चौकशी केली. तिघेही ‘आठ कलाकार’ म्हणतात, पण दरात दुपटीचा फरक आहे. असं का? — एक वाचक, पुणे

आठ म्हणजे कोण कोण, ते आधी विचारा. एकाच्या आठांत दोन गायक, दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम), ढोलकी-तबला, बेस गिटार आणि बासरी असे सगळे वाजवणारे-गाणारेच असतात. दुसऱ्याच्या आठांत निवेदक, साउंड ऑपरेटर आणि सामान उचलणारे दोघे धरलेले असतात. तिसरा तीन गायक आणतो आणि बाकीचं संगीत लॅपटॉपवरच्या मायनस ट्रॅकवर, म्हणजे गायकाचा आवाज काढलेल्या तयार ध्वनिमुद्रणावर, चालवतो. ट्रॅकवर गाणं वाईट नाही, पण पैसे ट्रॅकचेच द्यावेत. ट्रॅकला थांबता येत नाही. नवरीची एन्ट्री पाच मिनिटं लांबली किंवा मावशींना त्यांच्या पट्टीत गायचं असलं, तर वाजवणारी माणसं एक अंतरा वाढवतात, सूर दोन पट्ट्या खाली घेतात. समारंभात माणसं बोलवायची ती याचसाठी.

मग साउंड कोणाचा ते विचारा. स्वस्त दरात बहुतेक वेळा साउंड, लाइट आणि स्टेज धरलेलं नसतं. इनपुटची, म्हणजे मिक्सरला (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला) जोडायच्या लाइनची यादी मागा: कीबोर्ड दोन, प्रत्येकी स्टिरिओ म्हणजे चार लाइन, ऑक्टोपॅडच्या दोन, ढोलकीला दोन माईक, तबल्याला दोन, बेसची एक, बासरीचा एक, गायकांचे दोन, निवेदकाचा एक आणि एक माईक राखीव. सोळा लाइन इथेच झाल्या. त्यात नाचांच्या गाण्यांसाठी दोन मिळवा. अशा संचाला सोळा चॅनलचा मिक्सर पुरत नाही, चोवीसचा लागतो. जो ही यादी लगेच लिहून देतो त्याला काम कळतं.

नमुना म्हणून स्टुडिओत सजवलेला व्हिडिओ पाहू नका. अलीकडच्या एखाद्या कार्यक्रमाचं, प्रेक्षकांतून मोबाइलवर घेतलेलं, न कापलेलं दहा मिनिटांचं चित्रण मागा. मुख्य गायक आणि कीबोर्डवादक यांची नावं करारात लिहून घ्या, कारण मोठ्या तिथीला एकाच नावाचे दोन संच दोन गावांत वाजतात. पैसे कमी पडत असतील तर आमचं स्पष्ट मत असं, की तिसरा गायक कमी करा, पण साउंड कमी करू नका.

एक तास म्हणजे साधारण अकरा-बारा गाणी. निवेदन जास्त असेल तर आठ-नऊ. घरच्यांच्या नाचांची गाणी आधीच कापून, क्रमांक घालून एका पेनड्राइव्हवर द्या आणि दुसरी प्रत मोबाइलवर ठेवा. मोबाइल ब्लूटूथने जोडू नका, तारेने जोडा आणि फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर ऐन नाचात कोणाचा तरी फोन सगळ्या स्पीकरवर वाजतो.

नाशिकजवळच्या लॉनवर रिसेप्शन आहे. लॉनवाले म्हणतात, वीज भरपूर आहे. ऑर्केस्ट्रावाले जनरेटर मागतात. हा खर्च खरंच लागतो का? — एक वाचक, नाशिक

लागतो. वीज भरपूर असून भागत नाही, ती स्थिर आणि वेगळी असावी लागते. पंधरा अँपिअरच्या एका सॉकेटवर २३० व्होल्टने जेमतेम साडेतीन किलोवॉट मिळतात. लाइट आणि साउंड एकाच लाइनवर घेतले, की लाइट कमी-जास्त होताना स्पीकरमधून घरघर येते. केटररचा मोठा मिक्सर किंवा कूलर सुरू झाला की व्होल्टेज खाली जातं, कीबोर्ड आणि डिजिटल मिक्सर बंद पडून पुन्हा चालू होतात, आणि तेवढा वेळ सगळं शांत. वीज जाऊन जनरेटर लोड घेईपर्यंत काही सेकंद जातात, तेव्हाही हेच होतं.

म्हणून तीन गोष्टी मागा. स्टेजच्या साउंडसाठी वेगळी फेज, लाइटसाठी वेगळी आणि स्वयंपाकघर स्टेजच्या लाइनवर मुळीच नाही. मिक्सर, कीबोर्ड आणि लॅपटॉपला यूपीएस. आणि कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच स्टेज जनरेटरवर, म्हणजे मध्ये बदलाबदल नको. २५ केव्हीएचा जनरेटर म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २० किलोवॉट. त्यावर पाऊणाहून जास्त भार टाकू नये. आठ जणांचा संच, एलईडी लाइट आणि मध्यम साउंड त्यावर आरामात चालतो. एलईडी भिंत असेल तर तिचा भार वेगळा विचारून घ्या. जनरेटर स्टेजपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. डिझेल आधी भरलेलं असू द्या.

अर्थिंगची पट्टी किंवा सळई खरोखर जमिनीत गेली आहे का, हे मंडपवाल्याच्या वायरमनला प्रत्यक्ष दाखवायला लावा. अर्थिंग नसेल तर गिटार हातात आणि माईक ओठाला लागला की झटका बसतो. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल (विजेची परतीची तार) सैल असेल तर त्याहून वाईट घडतं: एखाद्या फेजवर व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेने चढतं आणि मिक्सर-ॲम्प्लिफायर जळतात. सामान जोडण्याआधी प्रत्येक सॉकेटवर मीटर लावून बघणं दहा मिनिटांचं काम आहे. साउंडवाला ते टाळत असेल तर आग्रह धरा.

मैदान लांब असेल तर पुढचे स्पीकर मोठे करून मागे आवाज पोचवू नका. पुढे बसलेल्या आजी-आजोबांचे कान दुखतात आणि मागे शब्द कळत नाहीत. अर्ध्यावर लहान स्पीकरची दुसरी जोडी लावायला सांगा. आवाजाला ३५ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणून मागच्या स्पीकरला तेवढा उशीर मिक्सरवर द्यावा लागतो, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. शिट्टी वाजते तिचं कारण बहुधा गायक स्पीकरच्या पुढे आलेला असतो किंवा माईकची जाळी मुठीत धरलेली असते. स्पीकर स्टेजच्या पुढच्या कडेच्याही थोडे पुढे हवेत. पाहुण्यांच्या भाषणाआधी माईक कसा धरायचा, हे निवेदकाने एका वाक्यात सांगावं.

स्टेज या संचाला २४ बाय १६ फुटांपेक्षा लहान नको. सामान चार तास आधी पोचावं, साउंड चेकला पाऊण तास मोकळा मिळावा आणि तो पाहुणे येण्यापूर्वी संपावा. डेकोरेशनवाले शेवटच्या क्षणापर्यंत स्टेजवर फुलं लावत बसले की हाच पाऊण तास खाल्ला जातो, आणि मग पहिली तीन-चार गाणी साउंड चेकमध्येच जातात. दोघांच्या वेळा तुम्हीच लिहून द्या. मे महिन्यात वळवाची सर कधीही येते, तेव्हा मिक्सरवर पक्कं छत आणि हाताशी ताडपत्री हवीच.

वरातीसाठी २१ माणसांचा बँड ठरवला आहे. ठरवताना काय पाहायचं राहून जातं? — एक वाचक, सातारा

वाजवणारे किती, हे राहून जातं. २१ मध्ये ट्रॉली ढकलणारे, दिवे धरणारे आणि जनरेटरवाला धरलेला असतो, आणि काही ठिकाणी गणवेश घालून नुसतं वाद्य धरून चालणारेही असतात. बँडच्या मास्तरांना वाद्यांची मोजणी विचारा: क्लॅरिनेट किती, ट्रम्पेट किती, सॅक्सोफोन, युफोनियम, साइड ड्रम, मोठा ढोल. फुंकणारे निदान सात-आठ नसतील तर मोकळ्या रस्त्यावर सूर उरत नाही, ताशा-ढोलाचाच आवाज राहतो. आता बहुतेक बँडांत ट्रॉलीवर गायक, कीबोर्ड आणि भोंगे असतात. काही जण तर भोंग्यांवरच सगळं भागवतात. तुम्हाला पितळी बँड हवा असेल तर ट्रॉलीचा आवाज मर्यादित ठेवायचं आधी ठरवा.

वेळेबद्दल नेमकं बोला. दाट तिथीला एकच बँड दिवसात दोन-तीन सुपाऱ्या घेतो. आधीची वरात लांबली की तुमची लांबते, आणि तुम्ही उशीर केलात की मास्तर अर्ध्यावर निघून जातात. ‘सायंकाळी ६ ते ८, मारुती मंदिर ते कार्यालय’ असं लिहा, वाढीव अर्ध्या तासाचा दरही लिहा. फुंकणाऱ्याला सलग तासभर वाजवता येत नाही, ओठ सुजतात. मधे दहा मिनिटांचा थांबा आणि पाणी द्या. तेवढी मुभा मिळाली तर शेवटचा अर्धा तास चांगला वाजतो.

रस्ता आदल्या दिवशी चालून बघा. उंच झुंबरं आणि ट्रॉलीवरची दिव्यांची कमान लोंबत्या वीजतारांना लागून अपघात झाले आहेत. तारा खाली असतील तिथून मार्ग बदला, ‘जपून जाऊ’ म्हणू नका. घोडा असेल तर तो आणि मोठा ढोल यांत पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवा, फटाके घोड्यामागे कधीच नकोत. मिरवणुकीची परवानगी पोलीस ठाण्यातून आधीच घ्या, तिची प्रत मास्तरांकडेही असू द्या.

आमच्या लॉनवर रात्री दहाला साउंड बंद करतात. मग ‘नुसता ढोल-ताशा, स्पीकर नाही’ असं करता येईल का? — एक वाचक, ठाणे

नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ बंदी ध्वनिक्षेपकाइतकीच वाद्यांवरही आहे. ढोल, ताशा, बँड सगळं त्यात येतं. सूट आहे ती सभागृह, बँक्वेट हॉल यांसारख्या बंदिस्त जागेत, आतल्या माणसांपुरत्या आवाजाला. उघडं लॉन किंवा वर नुसतं कापड ताणलेला मंडप म्हणजे बंदिस्त जागा नव्हे. सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण ते दिवस सरकार जाहीर करतं, एका कुटुंबाच्या लग्नासाठी मिळत नाहीत.

दिवसाही निवासी भागातली मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्री ४५. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा पट्टा, सरकारने तसा जाहीर केला असेल तर, शांतता क्षेत्र असतो. वरात तिथून जाणार असेल तर वाद्यं खाली ठेवून चालायचं. कार्यक्रम साडेसहाला सुरू करा आणि सगळ्यांचं आवडतं गाणं ९.४० ला ठेवा, १०.१५ ला नाही. दहानंतर सामान आवरायला दोन तास लागतात, हॉलचं भाडं धरताना तेही मोजा.

कार्यालयवाले म्हणतात, गाणी वाजणार असतील तर ‘लायसन्स’चे पैसे भरा. लग्नातही भरावे लागतात का? — एक वाचक, पनवेल

लग्नात नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीतल्या वादन-गायनाला सूट आहे. तिच्या स्पष्टीकरणात लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक समारंभही येतात. केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने जुलै २०२३ मध्ये सार्वजनिक सूचना काढून हेच पुन्हा सांगितलं. त्या सूचनेची प्रत कार्यालयात दाखवा. संगीत आणि रिसेप्शन लग्नाचाच भाग आहेत, म्हणून निमंत्रणपत्रिकेत ते छापलेले असले तर बोलणं सोपं जातं. ही सूट लग्नाची आहे. हॉलमधली साठी-शांत, वाढदिवस किंवा कंपनीची पार्टी यांना ती आपोआप लागू होत नाही, तिथे परवाना कोण घेणार ते आधी ठरवा.

सनई-चौघडा प्रत्यक्ष बोलवावा की सीडी लावावी? — एक वाचक, सांगली

प्रत्यक्ष. मुख्य सनई, मागे एकच सूर धरणारी सुराची सनई आणि चौघडा वाजवणारे दोघे, एवढ्या चौघांत काम होतं आणि छोट्या कार्यालयात स्पीकरही लागत नाही. त्यांना दाराजवळ उंचावर बसवा, जेवणाच्या पंगतीशेजारी नको. भटजींशी त्यांची गाठ सकाळीच घालून द्या. मंगलाष्टकातच वाजंत्र्यांना गलबला न करण्याचं सांगितलेलं आहे, आणि अंतरपाट दूर होताच वाजायला हवं. तो इशारा भटजींच्या हाताचा की मंडपात उभ्या असलेल्या मामांचा, एवढं ठरलं की चुकत नाही. दमट हवेत चौघड्याचं कातडं सैल पडतं, ते शेकायला जागा आणि वेळ द्या.

सुपारी देताना किती इसार द्यावा? लग्न पुढे ढकललं तर पैसे परत मिळतात का? — एक वाचक, चिपळूण

एक-तृतीयांश इसार पुरेसा. मोठ्या तिथीला निम्मा मागतात, तोही गैर नाही, कारण तुमच्यासाठी ते दुसरी सुपारी सोडतात. बाकी रक्कम सामान उतरल्यावर अर्धी आणि कार्यक्रमानंतर अर्धी. पावती घ्या, आणि तिच्यावरच तारीख, वेळ, वाद्यांची मोजणी, साउंड-वीज कोणाकडे, प्रवासखर्च आणि जेवण लिहून घ्या. तारीख बदलली तर इसार नव्या तारखेला वळता होईल, हे आधीच लिहिलेलं असेल तर बहुतेक मास्तर ते पाळतात. लग्न रद्दच झालं आणि महिनाभराहून कमी वेळ उरला असेल तर इसार परत मागू नये, त्या तिथीला त्यांना दुसरं काम मिळत नाही. उलट, ऐन वेळी संच आलाच नाही तर इसार परत आणि बदली संचाची जबाबदारी त्यांची, हेही लिहा.

फर्माईश म्हणून नोटा द्यायची पद्धत असेल तर त्या एका डब्यात ठेवायला सांगा, म्हणजे मागे ढोल वाजवणाऱ्यालाही वाटा मिळतो. कलाकारांचं जेवण कार्यक्रमाआधी किंवा मधल्या वेळात, बसून, पाहुण्यांसारखंच द्या. शेवटी उरलेलं वाढायचं ठरवलं तर साडेदहाला स्वयंपाकघर बंद झालेलं असतं.