पुस्तकात नाही म्हणजे नवाच, असं नसतं

90 मीटर खोलीवर चित्रित झालेला गुलाबी मासा कुठल्याच पुस्तकात सापडत नाही, तर तो नवी प्रजाती म्हणायचा का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात नको. पण ते चित्रण जिवापाड जपा.

मालदीवचा सिर्‍हिलाब्रस फिनिफेन्मा घ्या, ‘फेअरी रॅस’ या रंगीत माशांच्या गटातला. 40 ते 70 मीटरवर राहणारा हा मासा 1990च्या दशकातच शास्त्रज्ञांच्या हाती आला होता. पण त्याआधी, 1983 साली, तिथून हजार किलोमीटर दक्षिणेच्या चागोस बेटांवरून एक प्रजाती वर्णिली गेली होती, तीही एकाच पिल्लावरून. मालदीवचे मासे म्हणजे त्याच पिल्लाचं मोठं रूप, असं सगळे धरून चालले. पुढे मालदीवची पिल्लं आणि मोठे मासे एकत्र तपासले, खवले मोजले, पाठीच्या पराच्या काट्यांची उंची मोजली, डीएनए ताडून पाहिला, तेव्हा कुठे 2022 साली त्याला स्वतःचं नाव मिळालं. वर्णन करणाऱ्यांत मालदीवचेच अहमद नजीब होते, याचं मला फार अप्रूप आहे.

म्हणून आधी जवळच्या प्रजातींची मूळ वर्णनं वाचा. फेअरी रॅसच्या गटात नर, मादी आणि पिल्लू यांचे रंग इतके वेगळे असतात की तीन मासे वाटावेत. शिवाय मादीचा पुढे नर होतो.

नुसत्या चित्रणात खवले मोजता येत नाहीत, त्यामुळे नमुना लागतोच, आणि तो रीतसर परवानगीनेच घ्यायचा. खोलवरून वर येताना माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, म्हणून पाणबुडे वाटेतच बारीक सुईने हवा सोडतात. वर आल्यावर घाई असते ती रंगाची. मासा पाटीवर ठेवून पर टाचण्यांनी उलगडायचे, पराच्या मुळाशी कुंचल्याने फॉर्मॅलिन (नमुने टिकवायचं रसायन) लावायचं, म्हणजे ते तसेच ताठ राहतात, आणि लगेच डाव्या बाजूचा फोटो घ्यायचा. डीएनएसाठी पराचा तुकडा उजव्या बाजूचा, तोही फॉर्मॅलिनआधी. नंतर अल्कोहोलमध्ये गुलाबी, पिवळं सगळं उडून जातं. उरतो फिकट मासा. त्यातलाच एक होलोटाइप, म्हणजे त्या प्रजातीचा अधिकृत नमुना, म्हणून संग्रहालयात जातो आणि नाव कायमचं त्याच्याशी बांधलं जातं.

तुम्ही सध्या मूळ फाइल, खोली, जागा आणि तारीख नोंदवून ठेवा आणि संग्रहालयातल्या मत्स्यतज्ज्ञांना पाठवा. आणि चित्रण पुन्हा एकदा सावकाश पाहा: त्या गुलाबी माशाच्या आसपास एखादा फिकट, लहान मासा फिरतोय का? ती त्याचीच मादी असू शकते.