वाचक विचारतात : डॉक्टर, न्यायमूर्ती आणि गव्हर्नर

प्रश्न : अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे जोसाया बार्टलेट डॉक्टर होते, मग ते न्यू हॅम्पशर राज्याचे सरन्यायाधीश कसे झाले? त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती का?

उत्तर : नाही. वैद्यकाचीही नव्हती! जन्म 1729चा, मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरीचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते एका डॉक्टरांच्या हाताखाली शिकले आणि 1750मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या किंग्स्टनला व्यवसाय करू लागले. घशाच्या जीवघेण्या साथीत, म्हणजे आजच्या घटसर्पात, त्यांनी सिंकोना झाडाची साल वापरली. या सालीतल्या क्विनीनने हिवताप उतरतो. घटसर्पाचे जंतू मात्र मरत नाहीत. या रोगात घशात राखाडी पापुद्रा धरतो आणि श्वास कोंडतो. त्यावर खरा उतारा, प्रतिविष, 1890च्या दशकात आला. त्यामुळे सालीला रामबाण म्हणणारे लेख जपून वाचावेत.

न्यायाधीश व्हायला तेव्हा तिथे वकिली लागत नसे. गावात पत असलेला, समंजस माणूस चाले. बार्टलेट 1782मध्ये न्यू हॅम्पशरच्या वरिष्ठ न्यायालयात आले, 1788मध्ये सरन्यायाधीश झाले. 1790मध्ये ते राज्याचे प्रमुख झाले. या पदाला आधी ‘प्रेसिडेंट’ म्हणत, 1792पासून ‘गव्हर्नर’.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही उजवीकडच्या शेवटच्या स्तंभात सर्वांत वर आहे. सह्या उत्तरेकडच्या वसाहतींपासून सुरू झाल्या, म्हणून न्यू हॅम्पशर आधी. 1791मध्ये स्थापन झालेल्या न्यू हॅम्पशर मेडिकल सोसायटीचे पहिले अध्यक्षही तेच. आमच्या मते हे काम सहीइतकेच मोलाचे आहे.