समुद्राचं पाणी घरच्या आरओत चालेल का?

प्रश्न: आमचं घर गुहागर तालुक्यात, अगदी किनाऱ्याला. एप्रिल लागला की विहीर मचूळ होते, मग टँकरची वाट बघत बसायचं. एवढा समुद्र समोर आहे, तर तेच पाणी घरच्या आरओत घातलं तर? नाहीतर उकळून वाफ धरली तर? – एक वाचक

उत्तर: दादा, आरओत तेवढं घालू नका, मशीन फुकट जाईल. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ म्हणजे टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ३५,००० आणि घरचं मशीन असतं दोनेक हजारापर्यंतचं. खरी गोची प्रेशरची आहे, समुद्राचं पाणी मेंब्रेनमधून, म्हणजे आरओच्या बारीक पडद्यातून, ढकलायचं तर आधी मिठामुळे येणारा २५-२७ बारचा (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) उलटा दाब मोडावा लागतो आणि आपला पंप पाच-सहा बारवरच दमतो. मोठ्या प्लांटात ५५ ते ७० बार लावतात. चेन्नईजवळ मिंजूरला २०१० पासून असा प्लांट आहे, दिवसाला १० कोटी लिटरचा. अशा प्लांटला हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज लागते, शिवाय शंभर लिटर समुद्र आत घेतला तर गोडं निघतं चाळीस-पंचेचाळीस लिटर, उरलेलं जवळपास दुप्पट खारट होऊन परत समुद्रात. ते कुठे सोडणार हे मच्छीमारांनी आधीच विचारलेलं बरं.

उकळायचं म्हणाल तर अख्खा सिलिंडर जाळून सव्वाशे-दीडशे लिटर हाती लागेल, त्यापेक्षा टँकर परवडला!

उन्हावर मात्र जमतं. काळा रंग दिलेला ट्रे, त्यात बोटभर खारं पाणी, वर तिरकी काच, कडा घट्ट बंद. वाफ काचेला आतून धरते, थेंब ओघळत खालच्या पन्हळीत येतात. काच फार सपाट ठेवलीत तर थेंब मध्येच सुटून परत ट्रेत पडतात, उतार नीट द्या. चौरस मीटरला दिवसाकाठी तीन-चार लिटर, म्हणजे दोघांच्या पिण्यापुरतं, आंघोळीचं नावच नको. आणि ट्रेमधलं मीठ वरचेवर धुवावं लागतं, तिथेच बहुतेकांचा उत्साह संपतो.

लक्षद्वीपला कवरत्तीत २००५ पासून वेगळीच युक्ती आहे, हवेचा दाब इतका कमी करतात की समुद्राचं वरचं कोमट पाणी २८ डिग्रीलाच उकळतं, मग खोलातलं गार पाणी आणून त्या वाफेचं पाणी करतात. तिथे खोल समुद्र बेटाला लागूनच आहे. आपल्याकडे तेवढ्या खोलीसाठी कितीतरी आत जावं लागेल, त्यामुळे ते विसरा.

माझं ऐकाल तर समुद्र सोडा, विहीर सांभाळा. किनाऱ्यालगत जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, आणि ढोबळ हिशेब असा की वरची पातळी फूटभर उतरली की खालचं खारं चाळीसेक फूट वर चढू शकतं. तुम्ही कलमांना एकदम तीन तास पंप लावत असाल तर मचूळपणाचं कारण बहुधा तेच. थोडं थोडं उपसा, मध्ये विहिरीला भरू द्या, फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड, तळातून वर घ्या. पावसात छपराचं पाणी गाळून विहिरीत सोडा, हजार चौरस फुटांच्या छपरावरून आपल्या कोकणातल्या पावसात दोन लाख लिटर सहज मिळतं.

एवढं करून मे महिन्यात टीडीएस मीटर लावून बघा, दीड-दोन हजाराच्या आत असेल तर तुमचा घरचा आरओच पुरे, त्याचं वाया जाणारं पाणी संडासात वापरा, कलमांना नको.