काळा कोट आधी, वर्दी नंतर

सुभेदारसाहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलगी पुण्यात पाच वर्षांच्या लॉला, सध्या तिसऱ्या वर्षात. विल्यम डोनोवन या अमेरिकन माणसाबद्दल तिने कुठेतरी वाचलं. सैनिक, वकील आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तचर खात्याचा प्रमुख. तेव्हापासून तिने एकच धरलंय: लॉ सोडायचं, बाहेरून बी.ए. करायचं, सीडीएस, म्हणजे फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या भरतीची परीक्षा द्यायची, फौजेत जायचं आणि तिथून ‘रॉ’, म्हणजे आपल्या परदेशी गुप्तचर संस्थेत. तुम्ही लिहिता, ‘काळा कोट की वर्दी, एक काय ते ठरव म्हणावं. दोन डगरींवर पाय ठेवून कुणाचं भलं झालंय?’ मी तिची समजूत घालावी, अशी तुमची अपेक्षा आहे. घालतो. थोडी तुमचीही घालावी लागेल.

आधी तिच्यासाठी. तिने डोनोवनचं आयुष्य उलट्या क्रमाने वाचलंय. तो फौजेतून वकिलीत आला नाही, वकिलीतून फौजेत गेला. जन्म 1883चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो गावी, आयरिश कॅथलिक कुटुंबात. कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकला, गावी परतून वकिली सुरू केली, आणि 1912मध्ये गावातल्या तरुणांना घेऊन नॅशनल गार्डची घोडदळाची तुकडी उभी केली. नॅशनल गार्ड म्हणजे साधारण आपल्या टेरिटोरियल आर्मीसारखा प्रकार, पोटापाण्याचा धंदा सांभाळून वर्दी घालायची. 1916मध्ये ही तुकडी मेक्सिकोच्या सीमेवर गेली आणि पुढच्या वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. ऑक्टोबर 1918मध्ये फ्रान्समध्ये हल्ल्याच्या पहिल्या फळीत हा लेफ्टनंट कर्नल स्वतः होता. पायात मशीनगनच्या गोळ्या लागल्या तरी मागे जायला नकार दिला आणि फुटलेल्या प्लाटून पुन्हा जुळवत राहिला. त्याबद्दल मेडल ऑफ ऑनर मिळालं, म्हणजे त्यांचं परमवीर चक्रच. त्या दिवशी त्याने काय केलं असेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल, म्हणून त्यावर मी बोलत नाही.

मुलीला हाच भाग सगळ्यात आवडला असणार. मला विचाराल तर तिने युद्धानंतरची वीस वर्षं नीट वाचावीत, कारण त्यांवर कुणी सिनेमा काढत नाही. युद्धावरून आल्यावर तो सरकारी वकील झाला. अमेरिकेत दारूबंदी होती. 1923मध्ये त्याने बफलोच्या सॅटर्न क्लबवर धाड घालायला लावली. गावातल्या बड्या मंडळींचा क्लब, आणि डोनोवन स्वतः त्याचा सभासद! मित्र तुटले, सासरच्या श्रीमंत गोतावळ्यात तोंड दाखवायची चोरी झाली. पुढे वॉशिंग्टनला न्याय खात्यात मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्धचे खटले पाहिले. अ‍ॅटर्नी जनरलपद मिळेल अशी आशा होती, ते हुकलं. 1932मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि हरला. मधल्या काळात न्यूयॉर्कमध्ये स्वतःची लॉ फर्म काढली आणि ती जोरात चालली.

आणि गुप्तचर प्रमुख? ते वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आपल्याकडे त्या वयाला लोक पेन्शनची कागदपत्रं गोळा करत असतात.

ते पद त्याच्याकडे चालून आलं, त्यात वकिलीचा हात मोठा होता. जुलै 1940ची गोष्ट. फ्रान्स पडला होता आणि ब्रिटन टिकेल की नाही यावर अमेरिकेत वाद चालू होता. लंडनमधले अमेरिकेचे राजदूत जोसेफ केनेडी ब्रिटन हरणार असंच कळवत होते. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टने डोनोवनला स्वतः जाऊन बघून यायला सांगितलं. रुझवेल्ट डेमोक्रॅट, हा पक्का रिपब्लिकन, तरीही. डोनोवन गेला, चर्चिलला भेटला, सैन्यातल्या आणि गुप्तचर खात्यातल्या माणसांशी बोलला, तयारी बघितली. परत येऊन त्याने सांगितलं की ब्रिटन तग धरेल, मदत करा. साक्षीदार काय सांगतो, का सांगतो, त्यातलं किती कोर्टात टिकेल, हे पारखायची सवय वीसेक वर्षांच्या प्रॅक्टिसने लागलेली होती. निकाल त्याच्या बाजूने लागला, ब्रिटन टिकलं. 11 जुलै 1941ला रुझवेल्टने त्याला माहिती समन्वयक नेमलं आणि जून 1942मध्ये त्याच कार्यालयातून ओएसएस ही गुप्तचर संघटना झाली. अमेरिकेची आजची गुप्तचर संस्था सीआयए, तिचं मूळ तिथलं.

आता ओएसएसमध्ये काम कोण करत होतं, हे तिला नक्की दाखवा. पॅराशूटने उतरणारे होते, पूल उडवणारे होते. आसाममधल्या नाझिरा इथे तळ ठोकून ब्रह्मदेशात कचिन लोकांच्या मदतीने जपान्यांशी लढणारी डिटॅचमेंट 101 होती. पण डोनोवनचा खरा नवा डाव होता संशोधन आणि विश्लेषण विभाग. त्याचा प्रमुख विल्यम लँगर हा हार्वर्डचा इतिहासाचा प्राध्यापक, आणि हाताखाली अर्थतज्ज्ञ, भूगोलतज्ज्ञ, भाषा जाणणारे. शत्रूची वर्तमानपत्रं तटस्थ देशांतून मिळवायची, त्यांची मायक्रोफिल्म काढायची आणि वाचत बसायचं. स्टॉकहोममध्ये हे काम ज्या अ‍ॅडेल किब्रे सांभाळत होत्या, त्या लॅटिनच्या पीएच.डी., युद्धाआधी युरोपातल्या ग्रंथालयांत जुन्या हस्तलिखितांचे फोटो काढणाऱ्या. जर्मन वर्तमानपत्रांत येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या निधनवार्ता मोजून एकूण सैन्य किती कामी आलं असेल याचा अंदाज या विभागाने बांधला. बॉम्ब नाही, पाठलाग नाही. टेबल, दिवा आणि परक्या भाषेतला पेपर.

हे काम तिला कंटाळवाणं वाटलं, तर ‘रॉ’चं खूळ आपोआप उतरेल. वाचून तिचे डोळे चमकले, तर मात्र गोष्ट वेगळी.

आता तुमच्याशी. कोट की वर्दी हा प्रश्न आज सोडवायची गरजच नाही, साहेब. लॉ पूर्ण होईल तेव्हा ती तेवीसची असेल. आर्मीची जॅग एंट्री, म्हणजे जज अ‍ॅडव्होकेट जनरल शाखा, 21 ते 27 वयाच्या कायद्याच्या पदवीधरांसाठी आहे. एलएलबीला किमान 55 टक्के लागतात, अलीकडे क्लॅट पीजीचे, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे गुणही मागतात. सीडीएससारखी लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, मग चेन्नईला ट्रेनिंग. मुलींच्या जागा आजवर मुलांपेक्षा कमी ठेवत. ऑगस्ट 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी रद्द ठरवली, गुणवत्तेप्रमाणे घ्या म्हणून सांगितलं. ही नोकरी शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे ठरावीक मुदतीची: दहा वर्षं, वाढली तर चौदा. त्यानंतर सनद घेऊन वकिली करायला तिला कुणी अडवणार नाही. म्हणजे एकच डगर आहे, तिच्यावर कोटही आहे आणि वर्दीही. कोर्ट मार्शलमध्ये जॅगचा अधिकारी काय करतो, हे तुम्ही नोकरीत पाहिलंच असेल. तिला ते तुम्हीच सांगा, ती तुमच्याकडून ऐकेल.

लॉ आता सोडलं तर हातात पदवी नाही, आणि पदवी नसेल किंवा निदान तिच्या शेवटच्या वर्षात नसेल, तर सीडीएसचा फॉर्म पुढे जात नाही. बाहेरून बी.ए. करायला पुन्हा तीन वर्षं. लॉ संपवायलाही जवळपास तेवढीच लागतील. हा हिशेब तिला कागदावर मांडून दाखवा, वाद घालू नका.

एक स्पष्ट सांगतो, जॅगमधून इंटेलिजन्सकडे सरळ रस्ता जात नाही. ‘रॉ’ची जाहिरात पेपरात येत नाही. तिथे बरेचसे अधिकारी पोलीस आणि इतर सरकारी सेवांतून जातात. 1968मध्ये ‘रॉ’ सुरू झाली तेव्हाचे पहिले प्रमुख रामनाथ काव हे मूळचे पोलीस अधिकारीच. पदवीनंतर उघड परीक्षा आहे ती इंटेलिजन्स ब्युरोची, म्हणजे देशांतर्गत गुप्तचर खात्याची, एसीआयओ या अधिकारी पदाची, तिला वयोमर्यादा 27. ‘रॉमध्ये थेट भरती’ म्हणून फी घेणारा कोर्स कुणी दाखवला तर त्याच्या दारातूनच परत या.

नॅशनल गार्डची वाट तिला जास्त भावली असेल तर टेरिटोरियल आर्मी आहेच. पदवी आणि स्वतःच्या कमाईचं साधन लागतं, वय 42पर्यंत चालतं. मुलींसाठी जागा अगदी मोजक्या निघतात, म्हणून त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

डोनोवनचा शेवटही तिला कळू द्या. ओएसएस त्याने उभी केली, पण शांततेच्या काळात तशी संघटना ठेवावी ही त्याची योजना 1945च्या फेब्रुवारीत पेपरांत फुटली आणि अमेरिकन गेस्टापो, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांसारखं खातं, म्हणून ओरड झाली. एफबीआय या देशांतर्गत तपास संस्थेचा प्रमुख हूव्हर, त्याच्याशी त्याचं जुनं हाडवैर होतंच. रुझवेल्ट गेले, ट्रुमन आले आणि 1 ऑक्टोबर 1945ला ओएसएसला टाळं लागलं. 1947मध्ये सीआयए झाली, तिचं प्रमुखपद डोनोवनला कधीच मिळालं नाही. तो न्यूयॉर्कला जाऊन पुन्हा वकिली करू लागला. परत जायला त्याच्याकडे वकिली होती, हे तिला मुद्दाम सांगा.

सध्या तिने एवढंच करावं: पुराव्याचा कायदा मन लावून शिकावा, कॉलेजात एनसीसी असेल तर सी सर्टिफिकेटचं बघावं आणि एक परकी भाषा धरावी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, रशियन, जपानीचे वर्ग चालतात. भाषा तिने निवडावी, तुम्ही नाही.

पुढच्या पत्रात तिचे दोन वर्षांचे गुण कळवा. टक्केवारी 55च्या खाली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यावर बोलू. आणि ते पत्र तिलाच लिहू द्या.

आपला,
करिअर मार्गदर्शक