गरम की गार? साकेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त ओसाकाला असतो. दिवाळीला घरी येताना त्याने ‘जुन्माई दायगिंजो’ या प्रकारच्या साकेची बाटली आणली. साके गरम पितात असे ऐकून होतो, म्हणून आम्ही ती पातेल्यात ओतून चांगली तापवली. जिभेला कडवटपणा आणि नाकाला झणका यापलीकडे काहीच हाती लागले नाही. बाटली खराब होती, की आम्हालाच चव कळली नाही? – एक वाचक, ठाणे

उत्तर : बाटलीत दोष असण्याची शक्यता फार कमी आहे, आणि आपल्या जिभेतही नाही. बिघडले ते तापवण्यात. साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेले जपानी मद्य. तांदळाच्या दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिने आणि स्निग्धांश जास्त असतात, तर गाभ्यात मुख्यतः पिष्ट असते. ‘गिंजो’ या प्रकारच्या साकेसाठी दाण्याचा 60 टक्के किंवा त्याहून कमी आणि दायगिंजोसाठी 50 टक्के किंवा त्याहून कमी भाग उरेल इतका तांदूळ घासला जातो. (लेबलवरचा आकडा उरलेल्या भागाचा असतो, काढून टाकलेल्या भागाचा नव्हे, तो जितका लहान, तितका दाणा अधिक घासलेला.) असा तांदूळ वाफवून त्याच्या काही भागावर कोजी ही बुरशी वाढवतात, ती पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचे मद्य करते. हे आंबणे थंडीत, सुमारे महिनाभर, अगदी सावकाश होऊ दिले की सफरचंदाचा किंवा पिकल्या केळ्याचा गंध तयार होतो. दायगिंजोचे सारे वैभव या गंधात असते, आणि तापवल्यावर सर्वांत आधी तोच उडून जातो. मागे राहतो तो मद्यार्काचा झणका. आपल्या पातेल्यात नेमके हेच झाले.

बाटलीत थोडी शिल्लक असेल तर ती फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबा आणि तोंडाशी निमुळत्या काचेच्या ग्लासात दोन बोटे ओतून आधी नुसता वास घ्या. जपानी भाषेत पेल्यातल्या साकेच्या ऊन-गारपणाला पायरीपायरीने नावे आहेत : 10 अंश सेल्सियसच्या आसपास ‘हानाबिए’, 40 अंशांना ‘नुरुकान’, 50 अंशांना ‘आत्सुकान’. दायगिंजोला पहिली पायरी मानवते. ऊन करून खुलते ती साधी जुन्माई, होन्जोझो किंवा किमोतो पद्धतीची साके (या नावांचे अर्थ पुढच्या उत्तरात आहेत), आणि तीसुद्धा थेट आचेवर कधीही ठेवू नये. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करावा, साकेने भरलेली ‘तोक्कुरी’, म्हणजे चिनी मातीची छोटी सुरई, गळ्यापर्यंत त्या पाण्यात ठेवावी आणि दोन-तीन मिनिटांनी उचलून तळाला बोट लावून पाहावे. बोटाला ऊन लागले पण चटका बसला नाही, की ती पिण्याजोगी झाली. त्या क्षणी तोक्कुरीच्या तोंडाशी नाक नेले, तर नुकत्याच शिजलेल्या भातावरचे झाकण काढल्यासारखा वास येतो. मला स्वतःला साकेतले सर्वांत जास्त काय आवडत असेल, तर तो वास.

प्रश्न : योकोहामात राहायला येऊन वर्ष झाले, पण दुकानातली नावे वाचूनच गोंधळ होतो. आम्ही चार मित्र एका संध्याकाळी निरनिराळे प्रकार चाखणार आहोत. कोणत्या बाटल्या आणि कोणत्या क्रमाने घ्याव्यात? महाग ती जास्त चांगली, हे खरे आहे का? – एक वाचक, योकोहामा

उत्तर : महाग म्हणजे बहुतेक वेळा जास्त घासलेला तांदूळ आणि जास्त मेहनत. त्यातून गंध आणि नितळपणा वाढतो, पण भाताची भरदार चव कमी होते. ती हवी असेल, तर मध्यम किमतीची जुन्माई कितीतरी जास्त समाधान देते. ‘जुन्माई’ याचा अर्थ तांदूळ, कोजी आणि पाणी यांखेरीज काहीही न घातलेली साके. होन्जोझोमध्ये थोडा मद्यार्क मिसळतात. ती भेसळ नव्हे. त्याने चव हलकी होते आणि घोट चटकन सरतो.

हलक्याकडून भारी चवीकडे जावे. आधी गार गिंजो, मग नीगाता प्रांतातली कोरडी होन्जोझो, मग जुन्माई आणि शेवटी किमोतो किंवा यामाहाई. या शेवटच्या दोन पद्धतींत विरजणातले दुग्धाम्ल बाहेरून न घालता नैसर्गिक रीतीने तयार होऊ देतात, त्यामुळे चवीत ताकासारखी आंबट खोली येते. भाजलेल्या बांगड्याबरोबर ऊन यामाहाई मी आवर्जून सुचवेन, कारण माशाचे तेल ती आंबट चव अलगद कापते.

दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी तांदळाऐवजी पाण्याची तुलना करून पाहा. कोबेजवळच्या नादा भागातले ‘मियामिझु’ पाणी जड असते. त्यातील क्षारांवर यीस्ट जोमाने वाढते आणि साके करकरीत होते. क्योतोच्या फुशिमीत पाणी त्या मानाने मऊ, म्हणून साकेही मऊ. जपानी लोक नादाच्या साकेला पुरुषी आणि फुशिमीच्या साकेला बायकी म्हणत आले आहेत. हिरोशिमात पाणी मऊ असल्याने चांगली साके करणे फार अवघड जाई. तिथलेच साके बनवणारे मिउरा सेन्झाबुरो यांनी अशा पाण्यासाठी सावकाश आंबवण्याची पद्धत बसवली आणि 1898 मध्ये ती प्रसिद्ध करून इतरांनाही खुली केली. त्या प्रांतातल्या सायजोची एक बाटली नादाच्या बाटलीशेजारी ठेवलीत, तर हा फरक जिभेलाच कळेल.

चाखताना तळाशी दोन निळी वर्तुळे असलेला पांढरा पेला मिळाला तर घ्यावा. पांढऱ्यावर रंग दिसतो आणि निळ्याच्या कडेवर नितळपणा. चमचाभर साके जिभेवर फिरवावी, गिळावी आणि नाकाने श्वास सोडावा, कारण बराचसा गंध त्या श्वासाबरोबरच कळतो. साकेत मद्यार्क साधारण 15-16 टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक पेल्याबरोबर तेवढेच साधे पाणी प्यावे.

प्रश्न : आमच्या नाशिकला वाइनची सवय आहे. साकेची बाटलीही वर्षानुवर्षे जपून ठेवली तर सुधारते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सहसा नाही. बहुतेक साके बाटलीत भरल्यापासून वर्षभरात, अंधारात आणि गारव्यात ठेवून संपवण्यासाठी असते. ‘नामाझाके’ न तापवता भरतात, म्हणून ती सतत फ्रीजमध्येच हवी. ‘कोशु’ हा प्रकार मात्र मुद्दाम मुरवतात; तिला मधाचा रंग आणि मनुकांची, सोया सॉसची चव येते. उघडलेली गिंजो आठवड्याभरात संपवावी, जुन्माई थोडी अधिक टिकते. चव उतरलीच, तर ती ओतून देऊ नका. माशाच्या तुकड्यांवर दोन चमचे शिंपडून दहा मिनिटे ठेवा आणि निथळून टिपून घ्या. हिवस वास जातो. जपानी घरांतही हेच करतात.